नाकतोड्याचं सुतक

आई गेली त्याच्या आठव्या दिवशी मी उंद्रीला गेले. वडिलांनी पाठवलं. ते स्वतः जाऊ शकत नव्हते. आमच्याकडे पाट लावलेला माणूस बायकोच्या पहिल्या घरचा उंबरा चढत नाही. एकतीस वर्षांत ते उंद्रीच्या वाटेलाही गेले नव्हते.

उंद्रीला आईचा मुलगा राहत होता, उकंडराव. तिच्या पहिल्या नवऱ्याचा, कडूबांचा. कडूबा तापाने गेले तेव्हा तो पाच वर्षांचा होता. पुढे आईचा माझ्या वडिलांशी, म्हणजे रामरावांशी, पाट लागला आणि ती मोताळ्याजवळ आमच्या गावी आली. मुलगा रीतीप्रमाणे बापाच्या घरी राहिला. तीन वर्षांनी मी झाले. माझ्या पाठीवर कोणी झालं नाही.

आईला अग्नी वडिलांनी दिला. दहाव्याला पाणी द्यायला माझा चुलतभाऊ उद्धव तयार होता आणि गावाच्या दृष्टीने तेवढं पुरेसं होतं. पण वडिलांनी तिसऱ्या दिवशीच मला बोलावून सांगितलं, "थिचा पोरगा जित्ता हाये. पुतन्याच्या हातचं पानी थिनं काऊन घ्यावं?" मी उंद्रीला कार्ड टाकलं. उत्तर आलं नाही. आठव्या दिवशी सकाळी वडील न बोलता माझी पिशवी भरून दाराशी ठेवून उभे राहिले. दहाव्याला दोन दिवस होते. त्याआधी उकंडरावांना घेऊन यायचं होतं, आणि ते येतील असं मानायला मला एकही कारण दिसत नव्हतं. मी त्यांना आजवर दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा दुरून.

मोताळ्याहून बुलढाणा, तिथून चिखली, चिखलीहून खामगावच्या गाडीने उंद्री. एस.टी.त खिडकीशी बसून मी काय बोलायचं ते मनात जुळवत होते. शिकवायचा धंदा असल्यामुळे मला आधी मुद्दे काढायची सवय आहे. या वेळी मुद्दे निघेनात. सारखे ते तीन पिंजरे समोर येत होते.

ते सांगायला हवं. १९६४ साली मी नागपूरहून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि खामगावच्या कॉलेजात शिकवायला लागले. माझ्या प्राध्यापकांनी मला एक प्रश्न देऊन ठेवला होता. कीटकांच्या मादीला एका नराकडून मिळालेलं बीज ती पोटातल्या एका बारीक पिशवीत साठवून ठेवते. बऱ्याच जातींत एवढ्यावर तिची सगळी अंडी फळू शकतात. तरी ती पुन्हा दुसऱ्या, तिसऱ्या नराला जवळ येऊ देते. नर पुन्हा पुन्हा का जातो हे समजायला सोपं आहे. जितक्या माद्या, तितकी त्याची संतती. मादीचं तसं नाही. तिचा वेळ जातो, खाणं राहतं, जोडी लागलेली असताना पळता येत नाही आणि पक्षी टिपतो. मग ती हे का करते?

यासाठी मला वीस पिंजरे आणि भरपूर कीटक हवे होते. कीटक आमच्या शेताच्या बांधावरच होते. तिथल्या रुईवर पावसाळ्याच्या शेवटी पिवळे-निळे मोठे नाकतोडे लागतात. चितारल्यासारखे दिसतात. ही रुई वडिलांनी कधी तोडू दिली नाही. पाट लागला तेव्हा ते बिनलग्नाचे होते आणि बिनलग्नाच्या माणसाला एकदम विधवेशी पाट लावता येत नाही. आधी त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावतात. म्हणजे तोही बिजवर ठरतो आणि दोष जातो. ते झाड म्हणजे हीच रुई. आई तिला सवत म्हणायची. "माह्या सवतीचे दागिने पाह्य," असं म्हणून तिनेच मला लहानपणी ते नाकतोडे दाखवले होते.

१९६६ च्या श्रावणात मी बांबूच्या कामट्या आणि मच्छरदाणीचं कापड घेऊन वीस पिंजरे केले आणि घरच्या ओसरीत मांडले. मी शनिवारी येऊन सोमवारी पहाटे खामगावला परत जायची. मधले दिवस पिंजरे आईकडे. रोज सकाळी रुईचा ताजा पाला घालायचा, मातीच्या डब्यात अंड्यांचे पुंजके दिसले तर मोजायचे. पहिल्या दहा पिंजऱ्यांतल्या माद्यांना एकच नर मिळालेला होता, पुढे त्या एकट्या. दुसऱ्या दहांत दर तिसऱ्या दिवशी जुना नर काढून नवा सोडायचा. आईला लिहिता येत नव्हतं. तिने प्रत्येक नव्या नरामागे पिंजऱ्याच्या कामटीला एक लाल दोरा बांधायचं ठरवलं, आणि ते माझ्या वहीपेक्षा जास्त नीट होतं.

हे सगळं कशासाठी, हे तिला सांगताना मी अडखळले. ती म्हणाली, "सांग नं सरळ. भैताडावानी लाजून राह्यली." मग मी सांगितलं. मोठमोठ्या लोकांनी काय काय अंदाज केलेत तेही सांगितलं. पहिल्या नराचं बीज कमी पडत असेल. किंवा तो वांझ निघाला तर म्हणून. दोन बापांची पिल्लं वेगवेगळ्या गुणांची निघतात, एखाद्या वाईट साली त्यातली काही तरी टिकतात, असंही कोणी म्हणतं. आणि कोणी म्हणतं, नर इतका मागे लागतो की नाही म्हणणं हो म्हणण्यापेक्षा महाग पडतं.

आई पाला निवडता निवडता ऐकत होती. "अन् थिले कोनी इचारलं काय?" ती म्हणाली. मी हसले. पुढे वर्गात हे वाक्य मी विनोद म्हणून सांगत असे, मुलंही हसायची.

भाद्रपद संपताना मी दोन आठवडे परीक्षेच्या कामात अडकले आणि घरी आले नाही. आले तेव्हा दुसऱ्या दहांपैकी तीन पिंजऱ्यांत मादी एकटीच होती. नवे दोरे बांधलेले नव्हते. आई म्हणाली, त्यातले नर एकाच दिवशी मेले. मी म्हटलं, मग त्याच दिवशी दुसरा सोडायचा होता, वेगळ्या पिंजऱ्यात राखून ठेवलेले नर होते ना. ती म्हणाली, सोडनार होती मंगळवारी. मंगळवारी का? तर मंगळवारी तेरा दिवस होत होते.

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा माझा तोल गेला. तिने तीन नाकतोड्यांचं सुतक धरलं होतं. जिवंत नर काढून नेला तर तिला त्यात काही वाटत नव्हतं, गेला तर गेला. पण मेला, आणि त्याच दिवशी दुसरा आत सोडायचा, हे तिच्या हातून होईना. मी म्हणाले, "आई, ही माणसं नाहीत."

"मानसं नाही म्हनून तं धरता आलं," ती म्हणाली. "मानसाले कोन धरू देते? मले तं तेरा दिस बी..."

"पुरे आता," मी म्हणाले. माझं अख्ख्या वर्षाचं काम वाया गेलं असं मला वाटत होतं. वहीत त्या तीन पिंजऱ्यांवर मी लाल पेन्सिलने फुली मारली. आईला अक्षर येत नव्हतं, पण फुलीचा अर्थ कळत होता. ती उठून आत गेली. त्या विषयावर नंतर आमच्यात कधी बोलणं झालं नाही. तीन वर्षं मला वेळ होता. मी बरीच पुस्तकं वाचली त्या तीन वर्षांत.

उंद्रीला पोचले तेव्हा दुपार होती. घर मोठं, मातीचं, नुकतंच सारवलेलं. सुतकात कोणाच्या घरात जात नाहीत, म्हणून मी ओट्याच्या कडेला बसले. ओट्यावर एक म्हातारी सुपात मूग निवडत होती. कोन गावची, असं तिने विचारलं. मी गाव सांगितलं, नाव सांगितलं. तिचा हात सुपात थांबला आणि पुन्हा चालू लागला. ही तानुबाई, कडूबांच्या थोरल्या भावाची बायको. तिनेच उकंडरावांना वाढवलं, एवढं मला माहीत होतं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. नवराही कधीच गेलेला.

उकंडराव शेतातून आले. कपाशीची पहिली वेचणी चालू होती. धोतराला, मिशीला बारीक कापूस चिकटलेला. त्यांनी मला ओळखलं. कसं ते माहीत नाही. घरातून पाण्याचा तांब्या आणून माझ्यासमोर ठेवला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले.

"भाईरच बसा, बाई. तुमाले सुतक हाये. आमाले नाही."

मी म्हणाले, "दादा, तुम्हालाही आहे."

"मले?" त्यांनी तानुबाईकडे बोट केलं. "माही माय हे बसेल हाये, मूग निवडून राह्यली. धडधाकट हाये."

तानुबाईने मान वर केली नाही. वळचणीला माझं कार्ड खोचलेलं होतं. मरणाची बातमी म्हणून मी त्याचा कोपरा फाडून पाठवलं होतं. अशी कार्डं वाचून लगेच फाडून टाकतात, घरात ठेवत नाहीत. म्हणजे ते वाचलं नव्हतं, पण टाकलंही नव्हतं.

मी कशासाठी आले ते सांगितलं. वडिलांचा निरोप सांगितला, त्यांच्याच शब्दांत. उकंडरावांनी ऐकून घेतलं. मग ते ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि अंगावरचा कापूस एकेक तंतू करून काढू लागले. वडिलांबद्दल ते वाईट बोलले नाहीत. रामराव गरीब माणूस आहे, त्याच्याशी आपलं वैर नाही, असं म्हणाले. त्याची काही चूक नव्हती. बाजारात गाय उभी असेल तर घेणारा घेणारच. हे त्यांनी इतकं शांतपणे म्हटलं की मला राग यायला वेळ लागला.

"थे म्हातारपनी किडे पाळे म्हनत," ते पुढे म्हणाले. "आमच्या इथलोक आलं होतं. रोज सकायी पाला घाले म्हनत त्याईले, एक दिस चुकत नोती." मग म्हणाले, "किड्याईचं नशीब."

खरं होतं. ती एक दिवस चुकत नव्हती.

"तुमी शिकेल बाई हा," उकंडराव म्हणाले. "मास्तरीन. अन् त्याच किड्याईचं शिकल्या, मले मालूम हाये. एक मादी दुसऱ्या नराकडं काऊन जाते, हेच नं? मंग मले सांगा. माही माय काऊन गेली? पाच सालाचा होतो. सकायी उठलो तं नोती. लोकाईनं सांगतलं, तुह्या मायनं पाट लावला. मी इचारलं, पाट म्हंजे काय. तं हासले."

माझ्याजवळ उत्तरं होती. रीत होती, हे एक. एकटी तरणी बाई कशी राहणार, हे दुसरं. त्या काळी बाईला कोण विचारतं, हे तिसरं. गाडीत मी हीच जुळवत आले होते. पण प्रश्न समोर आल्यावर मला दिसलं की ही सगळी बाहेरून केलेली उत्तरं आहेत, मी कीटकांबद्दल देते तशी. आत काय झालं ते मला ठाऊक नव्हतं.

"मला माहीत नाही, दादा," मी म्हणाले. मग मी त्यांना पिंजऱ्यांचं सांगितलं. वीस पिंजरे, लाल दोरे, तीन मेलेले नर. आईने धरलेले तेरा दिवस. मी काय म्हणाले आणि ती काय म्हणाली. तिचं वाक्य होतं तसं सांगितलं, जिथे तुटलं तिथपर्यंत.

उकंडरावांचा हात थांबला होता. "मंग? पुढं काय म्हने?"

"पुढं मी बोलू दिलं नाही."

"काऊन?"

"माझं काम बिघडलं म्हणून रागावले होते. नंतर विचारलं नाही."

"एवढ्या शिकल्या," ते हळू म्हणाले, "अन् मायले इचारलं नाही."

मी उठायचं ठरवलं. चिखलीची गाडी चारला होती. पिशवी उचलली तेवढ्यात तानुबाईने सूप बाजूला ठेवलं.

"बस, पोरी," ती म्हणाली.

तिने सांगितलं ते मी इथे माझ्या शब्दांत लिहिते, कारण ती मधे मधे थांबत होती आणि काही वाक्यं तिने दोनदा सुरू केली. आईची आधीची दोन मुलं वर्षाच्या आत गेली होती. तिसरं झालं तेव्हा घरच्यांनी तोडगा केला. बाळाला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. दुसऱ्या बाईने ते उचलायचं, आणि आईने तिला सूपभर कोंडा देऊन परत घ्यायचं. म्हणजे मूल टाकून दिलेलं, कोंड्याच्या मोलाचं. मरण त्याच्याकडे बघत नाही. त्या दिवशी उकिरड्यावरून बाळ उचलणारी बाई तानुबाई होती. तिने उचललं, छातीशी धरलं, आणि आईने कोंडा पुढे केला तेव्हा तिला ते देववेना. सासूने ओरडून द्यायला लावलं.

पाच वर्षांनी कडूबा गेले. दहाव्याला आईचे भाऊ आले. त्यांना वाटत होतं बहिणीला वर्षभर इथेच राहू द्यावं, मग बघू. सासराही तेच म्हणत होता. आईला तर कुठेच जायचं नव्हतं. मुलाला घेऊन मागच्या खोलीत राहीन, शेतात राबीन, एवढंच तिचं म्हणणं होतं. तानुबाई रात्री सासऱ्याच्या पायाशी बसली. जवान विधवा घरात ठेवू नका, म्हणाली, माझ्या नवऱ्याची नजर चांगली नाही.

"खोटं होतं थे," तानुबाई म्हणाली. "माहा नवरा देवमानूस होता. मले लेकरू पाह्यजे होतं."

सासरा घाबरला. बाराव्या दिवशी, तेराव्याचं जेवण व्हायच्या आत, भावांनी आईला गाडीत बसवलं. मुलगा झोपलेला होता. आई त्याला उचलायला वाकली तेव्हा तानुबाईने कोठीतून सूपभर कोंडा आणला आणि तिच्या ओटीत घातला.

"काई बोलली नाही थे," तानुबाई म्हणाली. "मले वाटलं फेकून देईन. नाही फेकला. पदरात बांधला, अन् गेली. पाट मंग दोन महिन्यानं लागला. दोन डाव आली होती मांगून, पोराले पाहाले. म्या सांगतलं पोरगा मामाच्या गावी हाये. कोठीत दडवला होता म्या त्याले. गूळ देऊन."

उकंडराव उठले. मला वाटलं ते तिच्यावर हात टाकतील की काय. त्यांनी ओट्याच्या खांबाला धरलं आणि विचारलं, कोठीतलं खरं का? त्यांना तो गूळ आठवत होता. अंधारात बसून गूळ खाल्ल्याचं आठवत होतं, फक्त कशासाठी ते कधी कळलं नव्हतं. तानुबाई म्हणाली, "हाव." मग ते ओटा उतरून घराच्या मागे गेले.

आम्ही दोघी बसून राहिलो. मागून रहाटाचा आवाज येऊ लागला. पाणी अंगावर घेतल्याचा आवाज आला. एक बादली, मग दुसरी, मग मोजता येणार नाहीत इतक्या. आईच्या मरणाची बातमी कळल्यावर मुलाने करायची ती आंघोळ त्यांनी आता केली.

तानुबाईने मला विचारलं, "थिनं कधी माहं नाव घेतलं काय? शिवी देऊन तरी?"

आईने तानुबाईचं नाव माझ्यासमोर कधीच घेतलं नव्हतं. उंद्रीच्या घराबद्दल ती फारसं बोलायची नाही. बोललीच तर मुगाचं, विहिरीच्या पाण्याचं. मी खोटं सांगू शकले असते. आईने तुम्हाला माफ केलं होतं, असं म्हटलं असतं तर त्या म्हातारीला बरं वाटलं असतं. पण ते मी आईला विचारलेलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

तिने मान हलवली. सुपातले मूग निवडून झालेले होते, तरी ती त्यात बोटं फिरवत राहिली.

उकंडराव ओल्या धोतराने समोर आले. डोक्यातून पाणी गळत होतं. ते माझ्याशी बोलले नाहीत. तानुबाईसमोर उभे राहिले, आणि म्हणाले, "माय, माहं धुतलेलं धोतर कुठी ठेवलं?"

ती उठली. उठताना तिचा हात जमिनीवर टेकला आणि तिथेच राहिला. उकंडरावांनी वाकून तिला काखेत धरून उभं केलं. दोघं आत गेले. आत काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही; बोलणं झालं की नाही तेही सांगता येणार नाही. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पिशवी होती आणि वळचणीचं कार्ड त्यांनी काढून फाडलं.

गाडीत आम्ही शेजारी बसलो होतो. राजूरचा घाट उतरताना त्यांनी विचारलं, "मंग काय निंगालं तुमच्या त्या पिंजऱ्यातून? काऊन जाते मादी?"

मी म्हणाले, एकच कारण निघालं नाही. जास्त नर मिळालेल्यांनी थोडे जास्त पुंजके घातले, पण त्या लवकर मेल्या. वीस पिंजऱ्यांवरून काही ठरत नाही. आणि एकीचं कारण दुसरीचं असेलच असं नाही. त्याच मादीचं सकाळचं कारण संध्याकाळी वेगळं असू शकतं. पूर्वी मला हे माझ्या कामाचं अपयश वाटायचं.

"खुश होती का थे?" त्यांनी विचारलं. "तुमच्या घरी."

हा प्रश्न अवघड होता, पण याचं उत्तर मला ठाऊक होतं. "हो," मी म्हणाले. "वडिलांशी ती हसायची, दादा. खूप हसायची. आणि आखाडीला, पोळ्याला, दिवाळीला जेवत नसे. आम्हाला वाटायचं तिला उपास असतो."

ते खिडकीबाहेर बघू लागले. खाली ज्वारी निसवली होती.

दहाव्याला नळगंगेच्या काठी आमच्या भावकीतली पंधरा-वीस माणसं होती. बायका मागे, चढावर उभ्या होत्या. उकंडरावांचं मुंडन झालं. उद्धव जरा बाजूला उभा होता, त्याला वाईट वाटलं नव्हतं; त्यानेच दर्भ आणून दिला. भटजींनी मयताचं नाव विचारलं. शालूबाई. मग नवऱ्याचं नाव विचारलं, आणि उकंडराव गप्प झाले. हे मला आदल्या दिवशी सुचायला हवं होतं. त्यांच्या तोंडी नाव यायचं ते बापाचं, आणि पाणी द्यायचं होतं दुसऱ्याच्या बायकोला.

भावकीत कुजबुज झाली. भटजी म्हणाले, पाट लागल्यावर पहिलं नाव सुटतं, रामरावांचं घ्यावं. कोणी म्हणालं, मग या माणसाचा अधिकार काय? उकंडराव हातातलं पाणी तसंच धरून बसले होते. ते बोटांतून गळून जात होतं आणि ते पुन्हा घेत होते.

वडील दगडावर बसले होते. दहा दिवसांत ते कोणाशी फारसं बोलले नव्हते. ते उठून खाली आले, गुडघाभर पाण्यात.

"दोन्ही घ्या," ते म्हणाले.

"तसं शास्त्रात नाही, रामराव."

"शास्त्रात नसंन. थिच्या जल्मात होते दोघं. थिचा पोरगा पानी देऊन राह्यला, त्याच्या बापाचं नाव काऊन सोडावं? पह्यलं त्याचं घ्या. मंग माहं."

भटजींनी भावकीकडे पाहिलं. कोणी काही बोललं नाही. मग त्यांनी मंत्र सुरू केला आणि त्यांनी सांगितलं तसं उकंडराव म्हणू लागले. कडूबांचं नाव घेताना त्यांचा आवाज स्वच्छ आला. कडूबांच्या बापाचं, म्हणजे स्वतःच्या आज्याचं, नावही तसंच. दुसऱ्या नावाशी ते अडले. रामराव एवढं माहीत होतं, त्यापुढचं नाही. एकतीस वर्षांत त्यांना ते विचारायची गरज पडली नव्हती.

ते पाण्यात बसल्या बसल्या वळले. वडिलांकडे वर बघत त्यांनी विचारलं, "बाबा, तुमच्या बापाचं नाव काय?"

"गनूजी," वडील म्हणाले.

उकंडरावांनी ते एकदा मनाशी म्हटलं, आणि मग ओंजळ पुढे केली.